दुमडलेलं नाणं

दुपारचं जेवण आटोपून ब्रेंडा केरिजनं थर्मासमध्ये चहा भरला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि मागच्या खोलीतून आपलं यंत्र बाहेर काढलं. ऑक्टोबरमधला रविवार होता. रॉय गोइंगच्या शेतातली बार्ली केव्हाच कापून झाली होती, नांगरही फिरला होता, आणि या आठवड्यात पेरणी सुरू होणार होती. त्या शेतात मनमोकळं फिरायला मिळणार होतं ते एवढेच दिवस. नॉरफक परगण्यातल्या एल्मरिंग गावात मेटल डिटेक्टरचा छंद असलेली जी दोन-चार माणसं आहेत, ती या दिवसांत पाहुणे आले तरी त्यांना दारातूनच वाटेला लावतात.

एरवी तिच्याबरोबर लायनल थर्टल असायचे. आज मात्र ती एकटीच होती. लायनल न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले होते. हॉस्पिटलातून घरी आले होते, आता बरे होत होते, डॉक्टरही खूश होते, पण ऐंशीच्या घरातला माणूस, धुक्यात बाहेर काढायची सोय नव्हती.

लायनलनी आयुष्यभर बस चालवली आणि सुट्टीच्या दिवशी शेतं तुडवली. ब्रेंडाचा नवरा गेला त्या वर्षी तिला घरात बसवत नसे. तेव्हा त्यांनी आपलं जुनं यंत्र तिच्या हातात दिलं होतं. "घे पोरी," ते म्हणाले होते, "थोडे दिवस जमिनीचं ऐक. माणसांचं ऐकून काही उपयोग नाही सध्या." पन्नाशी उलटलेल्या ब्रेंडाला पोरी म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

खरं सांगायचं तर सापडतं काय, तर बटणं, बकलं, शिशाच्या गोळ्या, आणि बिअरच्या डब्यांच्या कड्या तर इतक्या की विचारू नका. पण लायनलचं शेतात असणं बघत राहावं असं होतं. यंत्राची थाळी जमिनीला न टेकवता, गवत कापणाऱ्यासारखी संथ लयीत फिरवत ते चालत. लोखंडाची घुरघूर कुठली आणि चांदीचा बारीक गोड स्वर कुठला, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. काही सापडलं की लगेच पुसत नसत. मातीसकट तळहातावर ठेवून गप्प उभे राहत. "थांब," म्हणत. "उजेडाची सवय होऊ दे त्याला." आणि खड्डा असा बुजवत की दुसऱ्या दिवशी त्यांनाही तो सापडू नये.

"कुंपणाच्या कडेनं जा," आदल्या दिवशी त्यांनी तिला अंथरुणातून सांगितलं होतं. "ओढ्यापलीकडच्या चॅपलकडे जाणारी जुनी पायवाट तिथून होती. चालत्या माणसाच्या हातून वस्तू पडतात."

त्या चॅपलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराचं, आता काही उरलेलं नाही. ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर गारगोटीच्या दगडांचा एक ढीग आहे, तेवढाच.

ब्रेंडा कुंपणाच्या कडेनं चालू लागली. ओढ्यावरून धुकं वर सरकत होतं. त्याला ओल्या राखेसारखा वास होता. तासभर काही मिळालं नाही. मग कानात एक स्वर आला. बारीक, उंच, आणि इतका कोवळा की ती जागच्या जागी थांबली. थाळी परत फिरवली. पुन्हा तोच स्वर.

वीतभर खाली ते होतं. करड्या रंगाचं, नखाएवढं, पत्राची घडी घालावी तसं बरोबर मधोमध दुमडलेलं. चांदीची पेनी, सहा-सातशे वर्षांपूर्वीची. लायनलसारखं तिनंही ते तळहातावर ठेवलं आणि गप्प उभी राहिली.

खड्डा बुजवण्याआधी त्यावरून पुन्हा एकदा थाळी फिरवायची, हा नियम. तिनं फिरवली. स्वर नव्हता. पण हेडफोनमध्ये अगदी पूर्ण शांतताही नव्हती. कुणीतरी श्वास घेत होतं. घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरीत श्वास, ओढून ओढून आत घेतलेला... मग तितकाच सावकाश बाहेर सोडलेला.

तिनं हेडफोन काढले. दूर झाडावर कावळे ओरडत होते. परत लावले. श्वास होता.

'वायरीत दव शिरलं असेल,' तिनं स्वतःला समजावलं. पण खड्डा बुजवताना तिनं हेडफोन गळ्यात ठेवले, कानांवर चढवले नाहीत.

घरी येऊन तिनं नाणं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ बघत बसली. उद्या ते लायनलना दाखवायचं होतं. पण घडीच्या आत राजाचा चेहरा होता आणि तो दिसत नव्हता. नांगराचा फाळ लागून वाकलं असणार, तिला वाटलं. सापडलेल्या वस्तूला आपल्याला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही, असं लायनल नेहमी बजावत. पण आजारी माणसाला वाकडंतिकडं नाणं काय दाखवायचं? राजाचा चेहरा बघून त्यांना किती आनंद होईल.

तिनं गॅस अगदी बारीक केला, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात नाणं धरलं आणि आचेवर जराशी ऊब दिली. मग नखानं हलकेच उघडलं. तिला वाटलं होतं की जोर लावावा लागेल. पण झोपलेल्या मुलाची मूठ सुटावी तसं ते आपसूक उघडलं.

आत राजा होता. कुरळ्या केसांचा, समोर टक लावून बघणारा. त्याच्या चेहऱ्यावरून एक पांढरी रेघ आरपार गेली होती. आणि त्या घडीतून एक वास आला. वितळलेलं मेण, व्हिनेगर, आणि बरेच दिवस खिडकी न उघडलेल्या खोलीतल्या घामाचा वास.

स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात कुणीतरी खोकलं.

ब्रेंडा घरात एकटी राहत होती. तिनं बोळातला दिवा लावला. कोट, छत्री, बूट. दुसरं काही नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि ती दचकली.

"ब्रेंडा, मी आयव्ही." लायनलच्या बायकोचा आवाज एरवी खणखणीत असायचा, आज बसलेला होता. "दुपारपर्यंत छान बसला होता गं. टोस्ट खाल्ला, वर टोस्टला नावंही ठेवली, म्हणजे बराच होता. आणि आत्ता एकाएकी ताप चढला. अंग नुसतं भाजतंय."

"आत्ता? म्हणजे कधी?"

"आत्ताच. बोलता बोलता."

ब्रेंडानं टेबलाकडे बघितलं. नाणं सपाट पडलं होतं, आणि राजा छताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थर्टलांच्या घरी गेली. आयव्हीनं दार उघडलं. डोळे रात्रभर न झोपल्याचे. "डॉक्टर संध्याकाळी येणारेत. बहुतेक परत हॉस्पिटलात हलवतील," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि या खेपेला गेला तर... जाऊ दे. तू बस त्याच्याजवळ. तुला बघून तरी जरा माणसात येईल."

लायनल उशांना टेकून पडले होते. एका रात्रीत चेहरा उतरला होता, पण डोळे जागे होते.

"यंत्र पुसून ठेवलंस ना पोरी?"

"ठेवलं. आणि हे आणलंय तुमच्यासाठी."

तिनं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. लायनलचा चेहरा उजळला. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं, आणि मग अंगठा त्या पांढऱ्या रेघेवर थांबला.

"हे दुमडलेलं होतं?"

"हो. नांगरानं वाकलं होतं. मी सरळ केलं."

"नांगर असं बरोबर मधून वाकवत नाही, ब्रेंडा." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "हे हातानं दुमडलंय. घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या डोक्यावर नाणं धरायचे, संताचं नाव घ्यायचे आणि दुमडायचे. एकदा दुमडलं की ते बाजारात चालत नाही, ते संताचं. मग चालत जायचं आणि चॅपलमध्ये ठेवून यायचं."

"म्हणजे नवस."

"नवसच. कुणीतरी घेऊन निघालं होतं. वाटेत पडलं." ते क्षणभर थांबले. "पोचला नाही. पण मोडलाही नव्हता."

"मी मोडला."

लायनल 'नाही' म्हणाले नाहीत. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि ब्रेंडाला ते याचसाठी आवडत.

तेवढ्यात खोकला आला. खोल, ओला, बरगड्या दुखवणारा.

"पाणी आणू का रे?" स्वयंपाकघरातून आयव्हीनं विचारलं.

"मी नाही खोकलो," लायनल म्हणाले.

ब्रेंडा त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचे ओठ मिटलेले होते. खोकला पुन्हा आला, पलंग आणि खिडकीच्या मधून, जमिनीपासून थोड्याच उंचीवरून. उभं राहणं न झेपणारं माणूस भिंतीला टेकून बसलं असावं, तसा. आणि त्याबरोबर तो वास... मेणाचा, व्हिनेगरचा.

लायनल त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. तळहातावर काही सापडलं की बघत, अगदी तसेच. मग म्हणाले, "मेणबत्ती आण. परत दुमडायला हवं."

"द्या, मी दुमडते."

"तुला नाही जमायचं. जुनी चांदी बिस्किटासारखी असते. एकदा दुमडली, एकदा उघडली. आता आणखी एकदा दुमडेल, तेही नशीब असलं तर. त्यानंतर तुकडेच."

ब्रेंडाला एकदम सुचलं, आणि सुचल्यावर राहवेना. "मग तुमच्या स्वतःच्या डोक्यावर धरा. लायनल, ऐका माझं. ताप तुम्हाला आहे. हे जे कोण आहे ते... ते तर केव्हाच..."

"बरोबर बोलतेय ती." आयव्ही दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण तिचा चेहरा पांढराफटक होता आणि तीही खिडकीकडेच बघत होती. "लायनल थर्टल, जन्मात एकदा तरी स्वतःचं बघ. मी काही जास्त मागत नाहीये."

"दुसऱ्याच्या नावाची वस्तू आजवर खिशात घातली नाही, आयव्ही. आता म्हातारपणी शिकवतेस होय?"

"मी काय करू मग तू गेल्यावर? त्या बटणांचे डबे पुसत बसू?"

"ते ब्रेंडाला दे. तिला बटणांतलं काही कळत नाही, पण पुसते चांगली."

आयव्ही हसली नाही. पण तिनं ग्लास खाली ठेवला, खणातून मेणबत्ती काढली आणि स्वतःच्या हातानं पेटवली. ब्रेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. या दोघांबरोबर इतकी वर्षं चहा प्यायलो आणि ही माणसं कोण आहेत ते आपल्याला आज कळतंय, असं तिला वाटलं.

लायनल कण्हत भिंतीकडे सरकले आणि पलंगावर जागा केली.

"ये," ते खिडकीकडे बघून म्हणाले. "इथे बस. गादी बरी आहे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पलंगाची स्प्रिंग किंचित करकरली. दुसऱ्या उशीच्या मधोमध हळूहळू एक खळगा पडला... लहानसा.

लायनलनी नाणं ज्योतीवर धरलं. तापानं त्यांचे हात सकाळपासून कापत होते, पण नाणं बोटांत आल्यावर ते कापणं थांबलं. त्यांनी ते बघून गरम केलं नाही, ऐकून केलं. मान तिरकी, डोळे मिटलेले, शेतात चालत असल्यासारखे. मग हात त्या खळग्यावर नेला.

"संताचं नाव मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "ज्याचं चॅपल, त्याला कळेल."

अंगठे एकमेकांजवळ आले. एक अगदी बारीक कुर्र आवाज झाला. तुटलं, असं वाटून ब्रेंडानं डोळे मिटले. उघडले तेव्हा नाणं त्यांच्या बोटांत दुमडलेलं होतं, अखंड. आणि उशीवरून एक लांब, मोकळा श्वास ऐकू आला. खूप दिवसांनी सुखानं झोप लागलेल्या माणसाचा.

"जिथे सापडलं तिथे पुरू नकोस," लायनल उशीवर मान टाकत म्हणाले. "तिथे ते पडलं होतं. वर नेऊन पोचव."

ब्रेंडा निघाली तेव्हा दुपार कलत होती आणि धुक्यामुळे शेतात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. नाणं तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. कुंपणाच्या कडेनं ती चालत राहिली, आणि ओढा जवळ आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या मागे पावलं वाजताहेत. हलकी, अनवाणी, नांगरलेल्या मातीत रुतत येणारी. ती थांबली की तीही थांबत. तिला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. पण गंमत अशी की पळावंसंही वाटलं नाही. ओढ्यावरच्या फळीवर ती मुद्दाम सावकाश चालली, मागच्याला घसरायला होऊ नये म्हणून.

दगडांच्या ढिगात तिनं हात घालून नाणं जितकं खोल जाईल तितकं आत सोडलं. ते बराच वेळ खाली जात राहिल्याचा आवाज आला. त्या ढिगाची खोली तेवढी नव्हती.

परतताना मागे पावलं नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा लायनल सूप पीत होते आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. ताप उतरला होता. डॉक्टरांनी दोनदा थर्मामीटर लावला, छाती तपासली आणि गोळ्यांचा गुण आला म्हणून सांगितलं. आयव्ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि दार लावून तिथेच बोळात बसून रडली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

आठ-दहा दिवसांनी आयव्हीला सकाळी दूध आत घेताना पायरीवर एक चांदीची पेनी दिसली. ओल्या मातीनं माखलेली. सपाट, कुठेही न दुमडलेली. लायनलनी ती हातात घेतली आणि ते म्हणाले, "बातमी पसरलेली दिसते."

त्या हिवाळ्यात धुकं पडलं की पायरीवर नाणं असे. कधी चांदीचं, कधी काळं पडलेलं, कुणा गरिबाघरचं अर्धं कापलेलं. आणि दुपारी घरात कुठेतरी खोकला ऐकू येई, किंवा नुसतं कण्हणं. लायनल पलंगावर सरकत, मेणबत्ती मागत, दुमडत. ब्रेंडा नेऊन पोचवे. कुणाचंच तुटलं नाही. आयव्ही म्हणे, "इतकी वर्षं बस चालवली, आता दवाखाना चालव." पण रोज संध्याकाळी दुसऱ्या उशीचा अभ्रा ती धुऊन, इस्त्री करून घाली. ब्रेंडाची भीती हळूहळू ओसरली. पुढे पुढे तर मागून येणाऱ्या पावलांशी ती दोन शब्द बोलतही असे, सांभाळून या, इथे चिखल आहे, असं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी आयव्हीनं तिला फोन करून बोलावलं. जास्त काही सांगितलं नाही.

लायनल स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. अंगात स्वेटर, गाल गुलाबी, तब्येत ठणठणीत. पुढ्यात एक नाणं होतं. त्याला माती लागलेली नव्हती. तांब्यासारखं चकचकीत होतं. ब्रेंडानं वाकून बघितलं. साधी पेनी, दुकानात सुट्टे म्हणून मिळते तशी. त्यावर साल यंदाचं होतं.

"कुणाच्या तरी खिशातून पडली असेल," ती म्हणाली.

"पायरीच्या बरोबर मधोमध होती," आयव्ही म्हणाली. "आणि गरम होती. हातात धरवेना इतकी."

"मग दुमडा ना. नेहमीसारखी."

लायनलनी नाणं उचललं. दोन्ही अंगठे लावून जोर दिला. नखं पांढरी पडली. नाणं जरासुद्धा हललं नाही.

"ही चांदी नाही पोरी," ते म्हणाले. "आत पोलाद आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. हे वाकत नाही."

"पण आलंय कोण? काही ऐकू आलं का?"

"अजून नाही."

तिघंही कान देऊ लागली. किटली निवत होती. खिडकीच्या काचेला बाहेरून धुकं टेकलं होतं.

मग खोकला आला. लहानसा, कोरडा, नुकता कुठे सुरू झालेला. खिडकीकडून नाही, बोळातून नाही. टेबलाशीच, जिथे ती तिघंच होती. आयव्हीनं लायनलकडे बघितलं, लायनलनी ब्रेंडाकडे, ब्रेंडानं आयव्हीकडे. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हेच होतं की दुसरं कुणीतरी खोकलं.

लायनलनी अंगठे पुन्हा नाण्यावर ठेवले आणि दाबायला सुरुवात केली.